मनगटाचा पहिला कप्पा : शारीरज्ञान आणि शस्त्रक्रियेची निर्धोकता



ज्या आचार्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले आयुष्य शारीरशास्त्राच्या अध्यापनात वेचले. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय म्हणून हृदयावरील किंवा मेंदूवरील एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेची निवड मी केली असती, तर ती कोणाला अनुचित वाटली नसती. परंतु मी बुद्ध्याच एक लहान विषय घेतला आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला, हाडावरचा जो उंचवटा बोटाने चाचपता येतो त्याच्यावरून, दोन कंडरा एका चिंचोळ्या मार्गाने अंगठ्याकडे जातात. तो मार्ग आकुंचित झाला की दुखणे उद्भवते आणि अन्य इलाज थकले की तो शस्त्राने मोकळा करावा लागतो. ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून, रोग्याला भूल न देता, थोड्याच वेळात आटोपते आणि रोगी त्याच दिवशी घरी जातो. रुग्णालयांच्या दप्तरांत तिची नोंद मामुली शस्त्रक्रियांच्या यादीत होते आणि पुष्कळदा ती नवशिक्या हातांकडे सोपविली जाते. असे असूनही, अथवा कदाचित असे असल्यामुळेच, शस्त्रक्रिया करून घेतल्यावर ज्यांचे दुखणे होते त्याहून वाईट झाले असे रोगी या व्यवसायातील प्रत्येकाने पाहिलेले असतात. हे का घडते याचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होत जाते, आणि तीच आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे : शस्त्रक्रियेची निर्धोकता हाताच्या चपळाईतून येत नाही; शरीराच्या रचनेचे, आणि त्याहूनही त्या रचनेतील वैविध्याचे, जे ज्ञान त्या हातामागे उभे असते त्यातून ती येते.

प्रथम या दुखण्याची ओळख करून देणे अवश्य आहे. तान्हे मूल काखेत हात घालून वारंवार उचलणारी बाळंतीण, दिवसभर धुणे पिळणारी स्त्री, अंगठा ताणून हत्यार धरणारा कारागीर अशा माणसांना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कळ येऊ लागते. प्रारंभी ती कामाच्या वेळीच जाणवते. पुढे पुढे बाटलीचे झाकण उघडणे, कुलपात किल्ली फिरविणे, भरलेला तांब्या उचलणे अशा साध्या हालचालीही नकोशा होतात, त्या उंचवट्यावर किंचित सूज दिसते आणि तेथे बोट टेकले तरी रोगी हात मागे घेतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि त्यांतही प्रसूतीनंतरच्या महिन्यांत, हा विकार अधिक आढळतो. युरोपातील परिटिणींना हे दुखणे पूर्वीपासून परिचित होते, आणि ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथाच्या १८९३ सालच्या आवृत्तीत धोबिणींचे दुखणे म्हणूनच त्याचा उल्लेख झालेला आहे. मात्र एक स्वतंत्र विकार म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णन करण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते फ्रिट्झ द केर्व्हँ हे स्विस शस्त्रवैद्य होत.

द केर्व्हँ यांचा जन्म १८६८ साली सियाँ या गावी एका धर्मोपदेशकाच्या मोठ्या कुटुंबात झाला. बर्न येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि ज्यांना पुढे १९०९ साली गलग्रंथीवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले त्या थिओडोर कोखर यांच्या हाताखाली ते तयार झाले. घड्याळांच्या कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आलेल्या ला शो-द-फाँ या डोंगराळ भागातील शहरी ते व्यवसाय करीत असता, १८९५ साली, त्यांनी पाच रोग्यांच्या आधारे या विकारावर लेख लिहिला. त्या काळी कंडरांच्या आवरणाला सूज दिसली की क्षयाची शंका प्रथम येई. हे दुखणे क्षयाहून निराळे आहे, ते विशिष्ट अशा एकाच कप्प्यात होते, आणि त्या कप्प्याची भिंत जाड झाल्याने आतील कंडरांचा कोंडमारा होतो, हे त्यांनी निरीक्षणाने ठरविले. पुढे ते बाझेल येथे आणि १९१८ पासून कोखर यांच्या जागी बर्न येथे प्राध्यापक झाले; गलग्रंथीच्या एका विकारालाही त्यांचे नाव मिळाले; १९४० साली त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या कर्तृत्वाच्या पुरुषाने व्यवसायाच्या आरंभी मनगटाच्या इतक्याशा जागेकडे इतके बारकाईने पाहिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. न्यू यॉर्कचे शस्त्रवैद्य हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० साली या विकाराचे विस्तृत विवेचन केले. रोग्याचा अंगठा धरून हात करंगळीच्या दिशेने झटकन वळविला असता उंचवट्याच्या टोकाशी तीव्र कळ येते, ही त्यांची परीक्षा आजही वैद्यकाचे विद्यार्थी त्यांच्या नावाने शिकतात.

आता त्या जागेची रचना पाहू. हात पालथा धरला असता मनगटाच्या पाठीवरून बोटांकडे व अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरा सहा कप्प्यांत विभागलेल्या असतात. मनगटावर आडवा पसरलेला एक चिवट पट्टा या कप्प्यांचे छत बनतो आणि खालचे हाड त्यांचा तळ बनते. हा पट्टा नसता तर मनगट मागे वाकविताच त्या साऱ्या कंडरा ताणलेल्या दोरीसारख्या त्वचेखाली उचलल्या गेल्या असत्या आणि हाताची पकड निर्बल झाली असती. सहांपैकी अगदी कडेचा, अंगठ्याकडचा, तो पहिला कप्पा. रेडियस या हाडाच्या टोकाशी असलेल्या उंचवट्यावरील उथळ खाचेतून तो जातो आणि त्याची लांबी दोन-अडीच सेंटिमीटरांच्या आसपास असते. शास्त्रीय ग्रंथांत त्यातील दोन कंडरांना अॅबडक्टर पॉलिसिस लाँगस आणि एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस अशी लॅटिन नावे आहेत; आपल्या सोयीसाठी आज मी त्यांना लांब कंडरा आणि आखूड कंडरा म्हणेन. लांब कंडरा अंगठ्याच्या तळहातातील हाडाच्या बुंध्याशी चिकटते आणि अंगठ्याला तळहातापासून दूर नेते. आखूड कंडरा, जी प्रायः तिच्याहून बारीक असते व तिच्या पाठीकडील अंगाला वसते, ती अंगठ्याच्या पहिल्या पेराच्या बुंध्यापर्यंत जाते आणि अंगठा ज्या सांध्यापासून मोकळा होतो तो सांधा सरळ करते.

या दोन्ही कंडरा कप्प्यातून बाहेर पडताना अंगठ्याच्या दिशेने कोनात वळतात, आणि मनगट करंगळीकडे झुकले की तो कोन अधिक तीव्र होतो. नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या निरोगी अवस्थेत विनासायास सरकतात. परंतु वारंवार पडणाऱ्या ताणामुळे छताचा पट्टा जाड होत जातो, काही वेळा मूळच्या कित्येक पटींनी जाड होतो, आणि आतील जागा अपुरी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तेथे दाहाची चिन्हे थोडी आणि ऊतीच्या ऱ्हासाची चिन्हे अधिक आढळतात. म्हणजे मूळ प्रश्न जागेच्या अपुरेपणाचा असतो. म्हणूनच केवळ दाह शमविणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणे समूळ जात नाही.

तथापि शस्त्र हा येथील पहिला उपाय नव्हे, हे मी ठासून सांगू इच्छितो. ज्या कामाने दुखणे वाढते त्या कामात बदल करणे, मनगट व अंगठा यांना विश्रांती देणारी पट्टी काही आठवडे बांधणे, आणि गरज पडल्यास कप्प्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे, एवढ्याने बहुसंख्य रोगी बरे होतात. बाळंतिणींचे दुखणे तर पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरते. एवढे करूनही ज्यांना गुण येत नाही त्यांच्यासाठीच शस्त्रक्रियेची तजवीज आहे. आणि येथे लगेच एक प्रश्न उभा राहतो : तेच इंजेक्शन एका रोग्याला बरे करते आणि दुसऱ्याला का करीत नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा फार मोठा भाग रचनेतच दडलेला आहे. त्याकडे मी क्रमाने येतो. कारण शस्त्र ज्या क्रमाने खाली उतरते त्याच क्रमाने शारीरशास्त्र आपले धडे देत जाते.

पहिला धडा त्वचेच्या थराचा. येथे छेद आडवा, त्वचेच्या नैसर्गिक वळ्यांना धरून घ्यावा की उभा, कंडरांच्या दिशेने घ्यावा, यासंबंधी शस्त्रवैद्यांत मतभेद आहेत. आडव्या छेदाचा व्रण पुढे पुसट होतो, तर उभ्या छेदातून आतील भाग अधिक लांबवर दिसतो पण व्रण जाड व चिकट होण्याचा संभव वाढतो. दोन्ही पक्षांपाशी युक्तिवाद आहेत, आणि दोन्ही छेदांनी उत्तम शस्त्रक्रिया करणारे लोक आहेत. महत्त्वाचे इतकेच की छेद कोणताही असो, तो त्वचेपुरताच असावा. त्वचेखालच्या चरबीत सुरी नेण्याचा अधिकार येथे कोणालाही नाही, कारण त्या चरबीतच या शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठा धोका वास करतो.

तो धोका म्हणजे रेडियल मज्जातंतूची वरवरची शाखा. हा मज्जातंतू कोपराखालून स्नायूंच्या आडोशाने येतो, मनगटाच्या उंचवट्याच्या वर साधारण आठ-नऊ सेंटिमीटरांवर अन्य दोन कंडरांच्या मधून त्वचेखाली प्रकट होतो, पुढे उंचवट्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर अलीकडे फाटे देऊ लागतो, आणि त्याचे हे फाटे पहिल्या कप्प्याच्या छतावरून किंवा त्याच्या निकटून तिरके जाऊन अंगठ्याच्या व शेजारच्या बोटांच्या पाठीवरील त्वचेला संवेदना देतात. त्यांची संख्या व नेमका मार्ग माणसागणिक बदलतो. शिवाय कोपराकडून येणाऱ्या दुसऱ्या एका त्वचीय मज्जातंतूचे तंतूही याच प्रदेशात येऊन मिळतात आणि जवळच एक ठळक नीला असते. हे फाटे बारीक असतात. क्वचित ते चरबीच्या धाग्यांहून वेगळे ओळखूही येत नाहीत. त्यांतील एखादा कापला गेला तर अंगठ्याच्या पाठीवरील थोडी जागा बधिर होते, आणि हानी एवढ्यावरच थांबली असती तर ती पुष्कळांनी सोसली असती. परंतु तुटलेल्या टोकाशी मज्जातंतू पुन्हा वाढू पाहतो, त्याला वाट सापडत नाही, आणि तेथे एक वेदनाशील गाठ तयार होते. मग घड्याळाचा पट्टा, बांगडी, सदऱ्याची बाही अशा कशाचाही स्पर्श झाला तरी वीज चमकावी तशी कळ उठते. ज्या स्त्रीला पूर्वी काम करतानाच दुखत होते तिला आता काही न करताही दुखते. कापण्याचेच कशाला, फाट्याला आकड्याने जोराने व दीर्घकाळ ओढून धरले तरीही अशी व्यथा मागे राहू शकते.

यावर उपाय रचनेच्या ज्ञानातच आहे. मज्जातंतू लांबीच्या दिशेने धावतो हे ज्याला ठाऊक आहे तो त्वचेचा छेद आडवा घेऊनही चरबीतील विलगीकरण बोथट टोकाच्या कात्रीने लांबीच्याच दिशेने, हलक्या हाताने करतो. फाटा दिसला की त्याला भोवतालच्या चरबीसकट अलगद बाजूला ठेवतो. आणि कप्प्याच्या पट्ट्याचे पांढरे, आडवे तंतू डोळ्यांना स्वच्छ दिसल्याशिवाय पाते पुन्हा हातात घेत नाही. दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह काही काळ थांबविण्याचा शिरस्ता किंवा बधिर करण्याच्या औषधात अॅड्रेनलिन मिसळण्याची नवी पद्धत, या दोहोंचा हेतू हाच की रक्ताच्या आडोशाला मज्जातंतू दडून राहू नये.

दुसरा धडा छताचा. कप्प्याचे छत उघडावयाचे, परंतु ते कोठे उघडावयाचे? ते मधोमध किंवा तळहाताकडील कडेला चिरले आणि कंडरांना धरून ठेवणारे काहीच त्या बाजूला उरले नाही, तर मनगट वाकविताना कंडरा उंचवट्यावरून तळहाताकडे घसरू लागतात, आणि मोकळ्या झालेल्या कंडरांचे घसरणे हेच एक नवे दुखणे होऊन बसते. यासाठी छेद पाठीकडील कडेला धरून घ्यावा, म्हणजे तळहाताकडे पट्ट्याची एक शाबूत पट्टी उरते आणि ती कंडरांचा बांध म्हणून काम करते, असा बहुतेक जाणत्या शस्त्रवैद्यांचा कल आहे. पट्टा मोकळा करावयाचा तो आवश्यक तेवढा, पूर्ण लांबीभर. परंतु तो उपटून टाकणे हा इलाजाचा अतिरेक होय.

तिसरा धडा सर्वांत सूक्ष्म आहे, आणि माझ्या आजच्या प्रतिपादनाचा तो गाभा आहे. पाठ्यपुस्तकातील चित्रात पहिल्या कप्प्यात दोन कंडरा दाखविलेल्या असतात : एक लांब, एक आखूड. विद्यार्थी ते चित्र पाठ करतो, परीक्षा उत्तीर्ण होतो, आणि पुढे शस्त्रक्रिया करताना छत उघडून दोन कंडरा मोकळेपणी सरकताना पाहतो. त्याची खातरजमा होते आणि तो जखम शिवतो. परंतु प्रत्यक्षात लांब कंडरा ही बहुसंख्य माणसांत एकसंध नसून तिचे दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक पदर असतात. म्हणजे त्याने पाहिलेल्या दोन्ही कंडरा एकाच लांब कंडरेचे पदर असू शकतात, आणि आखूड कंडरा कप्प्याच्या आतच एका उभ्या पडद्याआड, स्वतःच्या स्वतंत्र लहानशा कप्प्यात, पूर्वीइतकीच कोंडलेली राहिलेली असते. रोगी घरी जातो, व्रण भरतो, आणि दुखणे जागच्या जागी राहते.

हा पडदा दुर्मीळ असता तर त्याविषयी सार्वजनिक व्याख्यानात बोलण्याचे प्रयोजन नव्हते. १९८६ साली जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शवांच्या ३०० मनगटांचे विच्छेदन केले असता सुमारे ४० टक्के मनगटांत असा पडदा आढळला. आणि या विकारासाठी शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या त्यांच्या रोग्यांत तर त्याचे प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास होते. या दोन आकड्यांतील अंतराकडे मी आपले लक्ष वेधतो. पडदा असलेल्या मनगटात मुळातच जागा अधिक अडचणीची असल्याने तेथे विकार होण्याचा संभव वाढत असावा. आणि इंजेक्शनातील औषध एकाच उपकप्प्यात शिरून पडद्यापलीकडील आखूड कंडरेपर्यंत न पोहोचल्याने असे रोगी बरे न होता अखेर शस्त्रवैद्यापाशी येत असावेत. तसे असेल तर मघाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येथे मिळते, आणि त्याबरोबर एक गंभीर इशाराही मिळतो : ज्या रोग्यावर शस्त्र चालविण्याची वेळ येते तो सर्वसामान्य रचनेचा नसून अपवादात्मक रचनेचा असण्याची शक्यता अधिक असते. शस्त्रक्रियेच्या मेजावर अपवाद हाच नियम होतो.

म्हणून छत उघडल्यावर शस्त्रवैद्याने मोजणी करून समाधान मानू नये; प्रत्येक कंडरेची ओळख पटवावी. एकेक कंडरा आकड्याने हलकेच उचलून ओढली असता अंगठ्याच्या तळहातातील हाड हलले तर ती लांब कंडरा. अंगठ्याचे पहिले पेर सरळ झाले तर ती आखूड. आखूड कंडरेवर स्नायूचे मांसल तंतू मनगटाच्या अधिक जवळपर्यंत उतरलेले दिसतात, हेही तिच्या ओळखीचे एक चिन्ह आहे. ती सापडली नाही तर पाठीकडील अंगाला पडदा शोधावा, तो सापडल्यास उघडावा. थोड्या माणसांत ही कंडरा जन्मतःच नसते हे खरे. परंतु ती नाही असा निर्वाळा शोध घेतल्यानंतरच द्यावयाचा असतो. रोगी जागा असेल तर त्यालाच अंगठा हलविण्यास सांगावे; त्याच्या स्वतःच्या स्नायूने ओढलेल्या कंडरेइतका निर्विवाद दाखला दुसरा नाही.

चौथा धडा तळाचा, आणि तो थोडक्यात सांगता येईल. कप्प्यातून बाहेर पडलेल्या या दोन कंडरा आणि अंगठ्याची तिसरी एक कंडरा यांच्यामध्ये, अंगठा ताणला असता, जी त्रिकोणी खोलगट जागा दिसते तिच्या तळाशी रेडियल रोहिणी असते. पहिल्या कप्प्याच्या कंडरांच्या खालूनच ती तेथे आलेली असते. छत खालच्या टोकाला मोकळे करताना पाते विनाकारण खोल वा पुढे गेले तर ती सापडण्याचा संभव असतो. कप्प्याची हद्द कोठे संपते हे ज्याला माहीत आहे त्याचे शस्त्र त्या हद्दीवर थांबते.

श्रोतेहो, हे सारे तपशील आपल्याला सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. मज्जातंतूच्या फाट्यांचे मार्ग, लांब कंडरेचे पदर, कप्प्यातील पडदा, ही माहिती कोणा एका प्रतिभावंताने एका रात्रीत शोधून काढलेली नाही. शेकडो शवांच्या मनगटांवर, कसलीही घाई न करता, अभ्यासकांनी दिवसेंदिवस बसून ती गोळा केली आहे. एका शवातून रचना कळते. वैविध्य कळण्यासाठी अनेक शवे लागतात. ही दृष्टी आपल्या भूमीला परकी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवून, नंतर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंच्याने थर हळूहळू घासून काढून प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहण्याचा विधी सांगितलेला आहे. आणि शास्त्रात वाचलेले व प्रत्यक्ष पाहिलेले यांचा मेळ घातल्यानेच ज्ञान वाढते असा त्या ग्रंथकाराचा अभिप्राय आहे. त्याच संहितेत १०७ मर्मांची गणना करताना मणिबंधाचा, म्हणजे मनगटाचा, अंतर्भाव त्या मर्मांत केला आहे ज्यांना इजा झाली असता जीव जात नाही पण वेदना मागे राहते. मज्जातंतूच्या आधुनिक ज्ञानाशी या वर्णनाची एकरूपता सिद्ध करण्याचा मोह मी आवरतो, कारण तसे करणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय होईल. परंतु मनगटाशी शस्त्र जपून चालवावे ही जाणीव त्या प्राचीन शस्त्रवैद्यांना होती, एवढे निःसंशय म्हणता येते. पुढे आपल्याकडे शवस्पर्श निषिद्ध ठरला, प्रत्यक्षाची परंपरा खंडित झाली, आणि ग्रंथ उरले पण पाहणे संपले. युरोपात तेच पाहणे शारीरशास्त्रज्ञ वेसालियस याने १५४३ साली आपल्या ग्रंथाने पुन्हा प्रतिष्ठित केले. आणि मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडल्यावर ते आपल्या प्रांतात पद्धतशीरपणे सुरू झाले.

या अभ्यासाला शवे लागतात, आणि ती मिळण्यासाठी समाजाची संमती लागते. १९४९ साली मुंबई प्रांताने बेवारशी प्रेते वैद्यकीय शिक्षणासाठी उपलब्ध करून देणारा कायदा केला, आणि त्या प्रेतांवर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकले. जे निराधार मरण पावले, ज्यांची संमती कोणी विचारली नाही, त्यांच्या देहांवर आमचे ज्ञान उभे आहे. या ऋणाची जाणीव मला नेहमी अस्वस्थ करते. आता स्वेच्छेने देहदान करणारे नागरिक वाढत आहेत, आणि त्यांच्या निर्णयाने या ज्ञानाला जो नैतिक पाया मिळतो तो कोणत्याही कायद्याने मिळाला नसता. माझी श्रोत्यांना विनंती आहे की त्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

येथे कोणी म्हणेल की आता ध्वनिलहरींनी शरीराच्या आतील चित्र दाखविणारी यंत्रे आली आहेत, सोनोग्राफीने शस्त्रक्रियेपूर्वीच पडदा दिसू शकतो, तेव्हा शवविच्छेदनाचा एवढा आग्रह कशासाठी? हा आक्षेप विचारार्ह आहे, आणि जेथे सोय आहे तेथे त्या यंत्राचा अवश्य उपयोग करावा असे माझेही मत आहे. त्यामुळे इंजेक्शन योग्य त्या उपकप्प्यात देता येते आणि पुष्कळ रोग्यांची शस्त्रक्रियाच टळते. परंतु यंत्राच्या चित्रात उमटलेली करडी रेषा म्हणजे काय, हे ज्याने ती वस्तू प्रत्यक्ष पाहिली आहे त्यालाच कळते. आणि पडदा असू शकतो हे ज्याच्या मनात नाही तो यंत्रासमोर बसूनही तो शोधणार नाही. यंत्र दृष्टीला साहाय्य करते, दृष्टी देत नाही.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. आपल्या वैद्यकीय शिक्षणक्रमात शारीरशास्त्र पहिल्या वर्षी शिकविले जाते, आणि ते त्याच वर्षी संपते असा समज विद्यार्थ्यांत दृढ होतो. पाच-सात वर्षांनी विद्यार्थी शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभा राहतो तेव्हा ते ज्ञान पुसट झालेले असते, आणि मेजावर त्याला शिकविणारा ज्येष्ठ घाईत असतो. माझी सूचना अशी आहे की हातावरील कोणतीही शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे करण्यापूर्वी प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला शारीरविभागात परत पाठवावे, आणि एकाच नव्हे तर अनेक मनगटांचे विच्छेदन त्याच्या हातून करवून घ्यावे. पहिल्या कप्प्यात त्याला दर वेळी काय आढळले याची लेखी नोंद त्याने ठेवावी. चित्राबरहुकूम नसलेले मनगट त्याला जिवंत रोग्यात प्रथम भेटू नये. ते त्याला तेथे, जेथे चुकीने कोणाला वेदना होत नाही, आधीच भेटलेले असावे. शस्त्रवैद्यानेही शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत ‘पहिला कप्पा मोकळा केला’ एवढ्या एका ओळीवर समाधान न मानता, मज्जातंतूचे फाटे दिसले काय, कंडरेचे पदर किती होते, पडदा होता काय, आखूड कंडरा ओळखली काय, हे लिहावे. लिहावे लागणार हे ज्याला ठाऊक असते तो पाहतो.

आणि रोग्याचेही एक कर्तव्य आहे, किंबहुना अधिकार आहे. आपल्याकडे शस्त्रवैद्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे असे अजूनही मानले जाते. मी या व्यवसायातला असल्याने आपल्याला निःशंकपणे सांगतो की शस्त्राविना करता येण्याजोगे सारे करून झाले काय, संवेदनेच्या मज्जातंतूला जपण्यासाठी काय खबरदारी घेणार, आणि दोन्ही कंडरा मोकळ्या झाल्याची खात्री कशी करणार, हे तीन प्रश्न विचारणाऱ्या रोग्याचा राग येईल अशा शस्त्रवैद्याकडे जाऊ नये. ज्याला शारीरशास्त्र येते त्याला या प्रश्नांचा आनंदच होईल.

लहान शस्त्रक्रिया असा एक वर्ग रुग्णालयाच्या व्यवस्थेसाठी सोयीचा असेल, त्याला माझा विरोध नाही. वेळ, खाट, खर्च यांचा हिशेब करावाच लागतो. परंतु ज्या हाताने एखादी स्त्री आपले मूल उचलते, सुतार रंधा धरतो, लेखनिक लेखणी धरतो, त्या हाताच्या धन्याला त्याच्यावरची शस्त्रक्रिया कधीही लहान नसते. दोन-अडीच सेंटिमीटरांच्या कप्प्यात पाहण्यासारखे इतके असू शकते, आणि ते न पाहिल्याची किंमत दुसरा कोणी आयुष्यभर भरतो, ही गोष्ट ज्याच्या मनावर बिंबली त्याच्या हातून हयगय होणार नाही. ज्या आचार्यांचे आपण आज स्मरण करीत आहोत त्यांचे अध्यापन याच एका आग्रहावर उभे होते की पुस्तकातील शरीर सर्वांचे असते आणि समोरचे शरीर एकाचेच असते. विद्येचा आरंभ पहिल्यापासून होतो, पण तिची कसोटी दुसऱ्यापाशी लागते. तो आग्रह आपल्या महाविद्यालयांनी जागता ठेवावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.